सांधे उघडणाऱ्या बाई

प्रा. सुलोचना जोगदंड यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं, असं संपादक मंडळानं कळवलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. अशा लेखात माणसाबद्दल चार चांगल्या गोष्टी शांतपणे लिहायच्या असतात. मी बाईंचा विद्यार्थी, पुढे त्यांच्याच तंत्रनिकेतनात त्यांचा सहकारी; पण बाईंनी दिलेल्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. संपादकांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, मग तेच लिहा. म्हणून लिहितो आहे.

पहिला धक्का पहिल्याच ओळखीत बसला. मी परळीचा. वडील औष्णिक वीज केंद्रात राखेच्या विभागात कामाला. मला तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला म्हणून त्यांनी नवी कोरी सायकल घेऊन दिली होती. दांड्यावरचा कागदसुद्धा मी काढला नव्हता. वर्ग सुरू होऊन आठवडाही झाला नसेल, बाई वर्गात आल्या आणि त्यांनी विचारलं, बाहेर ती नवी सायकल कुणाची आहे? मी रुबाबात उभा राहिलो. त्यांनी ती आत आणायला सांगितली, टेबलावरची जुनी चादर जमिनीवर पसरली, पर्समधून पाना काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत माझी सायकल खोलायला सुरुवात केली.

मला वाटलं, काहीतरी दाखवून थांबतील. त्या थांबल्या नाहीत. चाक निघालं, साखळी निघाली, हँडल निघालं, बेअरिंगच्या बारीक गोळ्या घरंगळत चादरीवर आल्या. एकेक भाग ठेवताना बाई त्याचा जन्म सांगत होत्या. चाक कुंभाराकडून गाडीकडे कसं आलं, भरीव चाकाला आरे कधी फुटले, गोळ्यांवर आस फिरवायची युक्ती माणसाला किती उशिरा जमली, समुद्रापलीकडच्या झाडाचा चीक आपल्या रस्त्यावर टायर होऊन कसा धावू लागला. माणसाची हजारो वर्षं त्या चादरीवर पसरली होती आणि मला फक्त माझी सायकल मोडलेली दिसत होती. माझे डोळे भरून आले ते बाईंनी पाहिलं.

"कावून रे, रडतूस?" त्या म्हणाल्या. "आता जोड."

मला काही येत नव्हतं. बाईंच्या वर्गाचा नियम तेव्हा कळला. जोडून झाल्याशिवाय वर्गातून कुणी उठायचं नाही. मुलं कुरकुरली, बाहेरगावची शेवटची बस गेली, शिपाई दोनदा डोकावून गेला. बाई माझ्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि एकाही भागाला हात न लावता मला विचारत राहिल्या, हा कशात बसत असेल? दिवेलागणीला सायकल उभी राहिली. सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना सांगितलं, तर तेही हबकले. "तुमची बाई येडी हाय का काय?" एवढंच ते म्हणाले. मग सायकल एकदा पुढं, एकदा मागं ढकलून त्यांनी पाहिली आणि त्यांना ती आवडली असावी, कारण ते तिच्यावर बसून एक चक्कर मारून आले.

तंत्रज्ञानाचा इतिहास हा विषय आम्हाला परीक्षेला नव्हता. बाई तो आठवड्यातून एकदा स्वतःच्या हौसेनं शिकवत. त्यांची पद्धत एका वाक्यात मावण्याजोगी होती: आधी मोडा, मग बोला. जी वस्तू तुम्ही खोलली नाही तिच्याबद्दल तोंड उघडायचं नाही. त्यांचं सगळं लक्ष सांध्यावर असे. वस्तूचा दर्शनी भाग मालकाला खूष करायला केलेला असतो, त्या सांगत, पण सांधा कुणी बघणार नसतं, म्हणून करणारा तिथं खरा सापडतो. दोरीची गाठ, लाकडाची पाचर, लोखंडाचा रिवेट, मग आटे पाडलेला स्क्रू, मग वेल्डिंग. एवढ्यावर त्यांनी आम्हाला दगडी हत्यारापासून साखर कारखान्याच्या बॉयलरपर्यंत चालवत नेलं. तारखा मला कधीच पाठ झाल्या नाहीत; सांधे मात्र सगळे आठवतात.

बाईंच्या घरीही हेच. मीरा नावाची आमची एक विद्यार्थिनी होती. आईवडील ऊसतोडीला गेले की ती एकटी पडायची, म्हणून बाईंनी तिला स्वतःकडे ठेवून घेतलं. मोटारीच्या प्रात्यक्षिकाची तिला भीती वाटते हे कळल्यावर बाईंनी स्वयंपाकघरातला मिक्सर आणून तिच्यापुढे खोलला. ती जोडायला घाबरली. बाईंनी घाई केली नाही, दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नाही. बाईंच्या यजमानांनी पाट्यावरची चटणी खात कित्येक दिवस काढले आणि एकदा मला हळूच विचारलं, "सर, ती पोरगी कवा जोडणार म्हनं?" मीरानं शेवटी जोडला. आज ती पुण्यात मोटारींच्याच कारखान्यात आहे. तिच्या घरात बाईंचा तो मिक्सर अजून चालतो, कारण लग्नात बाईंनी तिला तोच दिला. नवा न देता जुना मिक्सर आहेरात आलेला पाहून वऱ्हाडी मंडळींत कुजबुज सुरू झाली होती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. धर्मापुरीच्या बाजूला एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली मंडळी अजून रागात आहेत. या गावात टेकडीवरच्या तळ्यातून देवळाजवळच्या हौदापर्यंत जमिनीखालून खापराचे नळ घातलेले आहेत. एकात एक बसवलेले, सांध्याला चुना. कुठलंही यंत्र नसताना केवळ उतारावर पाणी हौदात येतं. हौदाच्या काठाला कोरीव दगड आहेत, ते थेट धर्मापुरीच्या नऊशे वर्षांपूर्वीच्या देवळाच्या घडणीचे. त्यावरून बाईंनी तरुणपणी मत मांडलं होतं की हा नळ देवळाइतकाच जुना आहे. त्या मतानं बाईंचं नाव झालं. आणि त्याच मतावर मी माझी उमेदीची वर्षं घालून पुस्तक लिहिलं.

नळ कुणी कधी उघडून पाहिला नव्हता. पाणी चालू होतं, गाव ते पीत होतं. जगातली प्रत्येक वस्तू खोलणाऱ्या बाईंनी हा एक नळ तेवढा खोलला नव्हता, आणि ही गोष्ट आम्हा दोघांपैकी एकालाही कधी खटकली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या गावातच माझ्या पुस्तकाचं प्रकाशन ठरलं. शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता, गावानं वेशीत ‘नऊशे वर्षांचा नळ’ असं लिहिलेली कमान उभारली होती, हौदाशेजारी तेच कोरलेली कोनशिला कापडानं झाकून ठेवली होती. प्रकाशन बाईंच्या हस्ते. योगायोग असा की आदल्या आठवड्यात रस्ता रुंद करताना जेसीबीनं नळ फोडला होता आणि खापराचे तुकडे रस्त्याकडेला पडले होते. बाई लवकर येऊन तिकडे फिरून आल्या आणि अखंड राहिलेला एक सांधा उचलून त्यांनी व्यासपीठावर आणला. सत्कार झाला, पुस्तकाची फीत सुटली, बाई माईकपुढे उभ्या राहिल्या. "माझा नियम तुम्हाला माहीत आहे," त्या हसून म्हणाल्या. "आधी मोडा, मग बोला." पर्समधली छोटी हातोडी काढून त्यांनी सांध्यावर ठोका दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चुना फुटला. बाई वाकून आत पाहत राहिल्या. टाळ्या थांबल्या, तशा त्या नखानं चुना खरवडू लागल्या. मग त्यांनी मला हाक मारली.

"दत्ता, हिकडं ये. हे काय हाय?"

बाई बोलीवर आल्या की काहीतरी बिनसलंय एवढं मला कळत होतं. त्यांनी चुन्याचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. पांढऱ्यात काळे खडे होते, हलके, सच्छिद्र. माझं बालपण परळीत गेलंय. असले खडे आमच्या अंगणात, केसांत, वडिलांच्या डब्यातसुद्धा असायचे. मला एका क्षणात कळलं. दुसऱ्या हातात माझं पुस्तक होतं. माईक चालू होता. काळी वाळू म्हणालो असतो, तर कुणाला काही कळलं नसतं. बाई माझ्याकडे पाहतही नव्हत्या. उत्तर मीच द्यावं म्हणून त्या हौदाकडे तोंड करून उभ्या होत्या.

"राख हाय, बाई," मी म्हणालो. "दगडी कोळशाची."

"आपल्याकडं दगडी कोळसा कवा आला?"

"रेल्वेसंगं."

मांडवात कुणाला अर्थ लागायला थोडा वेळ गेला. मग बाईंनीच सांगितलं. इंजिनातून झाडलेली कोळशाची राख चुन्यात मिसळली आहे, म्हणजे हा नळ रेल्वे आल्यानंतरचा आहे. हौदाचे कोरीव दगड पडक्या देवळातून आणून बसवले असणार. मी तरुणपणी लिहिलं ते चूक आहे, त्या म्हणाल्या, आणि माझ्यावर विश्वास ठेवून दत्तानं लिहिलं तेही चूक आहे. हे सगळं त्यांनी बाजारभाव सांगावा इतक्या सरळ सुरात सांगितलं. मी हादरून उभा होतो. मला वाटलं, यापुढे काही उरलेलं नाही. पण बाई खाली बसल्या नाहीत.

"माझी आई ह्याच गावची," त्या म्हणाल्या. "ती सांगायची, माझ्या बापानं हितं नळ टाकलाय. मी शिकलेली. मी तिला म्हणायची, आई, माहेरचा बडेजाव सांगू नको, हे राजाचं काम हाय. तिच्या बापाला त्या हौदाला हात लावायची मुभा न्हवती. ज्याला पाणी शिवू देत न्हवते त्यानंच पाणी आणलं आसंल, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. माझ्या."

शेवटचा शब्द त्यांनी स्वतःच्या छातीला हात लावून उच्चारला. बाईंचं घराणं धम्मदीक्षा घेतलेलं. त्यांच्या आजोळच्या वस्तीतली मंडळी मांडवाच्या मागच्या बाजूला उभी होती. त्यांच्यातल्या एका आजीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती तशीच खाली बसली. कोनशिलेवरचं कापड कुणी काढलं नाही. माझ्यामागे कुणीतरी कुजबुजलं, "आरं बे, आता त्या कमानीचं काय करायचं?" मलाही तेच वाटत होतं, फक्त पुस्तकाबद्दल.

मी चिडलो होतो हे कबूल करायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना फोन करून मी भांडलो. तो सांधा नंतरच्या दुरुस्तीचा असेल, म्हणालो. बाई म्हणाल्या, मग दुसरा उघड. रस्त्याच्या कामात नळ ठिकठिकाणी उघडा पडला होताच. मी एकटाच जाऊन तळ्याजवळचा सांधा फोडला, मधला फोडला, हौदाजवळचा फोडला. सगळ्यांत तेच काळे खडे. पुस्तकाचे गठ्ठे मी पलंगाखाली ढकलले आणि बाईंशी बोलणं बंद केलं. सगळ्या गावासमोर माझ्याच तोंडून माझं पुस्तक मोडून घेतलं, याचा धक्का रागापेक्षा मोठा होता.

काही महिन्यांनी एका दुपारी दार वाजलं. बाई एसटीनं आल्या होत्या, परळीच्या स्टँडवरून रिक्षा करून. सोबत फुटक्या सांध्यांनी भरलेलं पोतं. रिक्षावाल्यानं ते धापा टाकत आत आणलं. बाईंनी पिशवीतून चादर काढली. तीच जुनी चादर, आता पार विरलेली. माझ्या बैठकीत ती पसरून त्यांनी एकेक तुकडा मांडला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता जोड," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी बसलो. दुसरं काय करणार होतो? तेव्हापासून आम्ही तो नळ नव्यानं जोडतो आहोत. नळ कुठल्या कुंभाराच्या आव्यात भाजले, स्टेशनच्या आवारातून राख कुणी वाहिली, राखेनं चुना पाण्यातही घट्ट धरतो हे कुणाला सुचलं, आणि मोजणीची दुर्बीण नसताना इतक्या लांब उतार कुणी धरला. वस्तीतली मंडळी आता आमच्याशी बोलतात. पाण्यानं भरलेली लाकडी पन्हळ जमिनीवर ठेवून उतार बघायचे, असं एका आजोबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. आम्ही पन्हळ करून पाहिली. तिनं पातळी दिसते. इतिहासातल्या कुठल्याही मोठ्या यंत्रानं मला इतकं चकित केलेलं नाही. बाईंच्या आजोबांचं नाव गंगाराम, एवढं कळलं आहे. त्यांच्याबरोबर आणखी कोण होतं, ते शोधणं चालू आहे. बाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही. मी वाचतो, त्या ऐकतात, आणि माझं एखादं वाक्य फार गुळगुळीत झालं की मध्येच विचारतात, हे खोललंस का?

बाई, या ग्रंथाच्या रिवाजाप्रमाणे तुम्हाला दीर्घ आणि निरोगी आयुष्य चिंतायचं आहे. मला ते वेगळ्या शब्दांत चिंतायला जमत नाही. चादर माझ्या बैठकीत अजून तशीच पसरलेली आहे. उतार धरणाऱ्याचं नाव सापडलेलं नाही. हौदाशेजारची कोनशिला घासून कोरी केली आहे, तिच्यावर गंगारामांचं नाव तुमच्यासमोर कोरायचं आहे. तुमच्या वर्गाचा नियम मी विसरलेलो नाही. जोडून झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. आम्ही बसलो आहोत, बाई. तुम्हीही बसून राहा.