कोळशाचे ठिपके

"मॅडम, हमने एक भी नहीं तोडा," मला बघताच जेसीबीवाला म्हणाला.

मांजर्लीत नदीकाठी भिंतीसाठी खोदकाम चाललं होतं. मातीत कासवाची अंडी निघाली, म्हणून त्याने काम थांबवून शेजारच्या मळ्यातल्या हिरामावशींना बोलावलं. मावशींनी बाराही अंडी टोपलीत भाताच्या तुसावर मांडून ठेवली, आणि मग कोणीतरी मला फोन केला.

टोपली बघून माझं डोकंच फिरलं. मी नदीतल्या कासवांवर काम करते. त्यांचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं नसतं. घातल्यावर एखाद्या दिवसात आतला जीव वरच्या बाजूला चिकटतो. नंतर अंडं उलटंसुलटं झालं तर तो मरू शकतो. हलवायचंच असेल तर वर पेन्सिलने खूण करायची आणि ती खूण वरच ठेवायची.

"मावशी, विचारायचं तरी! असं फिरवलं की आतलं पिल्लू मरतं," म्हणत मी एक अंडं उचललं आणि तळहातावर फिरवून दाखवलं.

"मी नाय फिरवली," मावशी म्हणाल्या. "तूच फिरवतेस."

टोपलीतल्या अकरा अंड्यांवर, बरोबर वरच्या बाजूला, कोळशाचा ठिपका होता.

"खुडूक कोंबरीखाली ठेवताना मारतान ना, तसा टिपका मारला. मंग उचलली."

"आणि ठिपका वरच कसा ठेवलात?"

"टिपका दिसाला नको?"

माझ्या हातातल्या अंड्याचा ठिपका घामाने पुसला गेला होता. वरची बाजू कुठली, कळायला मार्ग नव्हता. मला लाज वाटली.

माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक सरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"ओरिएंटेशन? वरची बाजू वरच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"अकरांचं ओके आहे."

"आणि बारावं?"

"ते मी हाताळलं, सर."

वनखात्याची परवानगी सरांनीच तासाभरात मिळवली. मळ्याच्या उंच कडेला नदीकाठी होती तेवढ्याच खोलीवर खड्डा केला, अंडी पुरली, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर जाळी लावली. बारावं बाजूला वेगळं पुरलं. राखण मावशींनी केली.

काही महिन्यांनी नऊ पिल्लं निघाली. मावशींनी ती पदर खोचून स्वतः पाण्यात सोडली. तीन अंडी फुटली नाहीत. रिपोर्टमध्ये दोन अंड्यांपुढे मी 'कारण अज्ञात' लिहिलं. तिसऱ्याचं कारण माहीत होतं, तेही लिहिलं.

आता साइटवर गेले की आधी हात मागे बांधते आणि विचारते, "तुम्ही काय काय केलंत?" ओरडायचं असेल तर ते नंतरही जमतं.