राखेने घासलेली सीडी

आयुष्यात मी चुका भरपूर केल्या, पण एका सेकंदात केलेली आणि वर जिची गावभर फुशारकी मारली अशी चूक एकच. ती औंढ्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये झाली.

आमचं गाव शिरड शहापूरच्या बाजूला. घरची मेंढरं, शेळ्या आणि थोडीफार कोरडवाहू जमीन. घरातला पहिला बारावी पास मी, त्यामुळे क्लासहून परतताना जरा मान ताठ करूनच चालायचो. त्या वर्षी पोस्टाने एक सीडी आली. आदल्या उन्हाळ्यात विद्यापीठातल्या एक बाई येऊन गावातल्या बायकांची हळदीची गाणी रेकॉर्ड करून गेल्या होत्या, तीच ही गाणी. त्यात माझी आई होती, चुलती होती, शेजारच्या चार जणी होत्या. पण सीडी आली तेव्हा चुलतीला जाऊन चार महिने झाले होते. कावीळ झाली आणि गेली. वर्षाच्या आत उरकायचं म्हणून तिच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर येऊन ठेपलं होतं. माझ्या या चुलतबहिणीकडे तिच्या आईचा एकच फोटो होता, तोही रेशनकार्डावरचा. आवाज मात्र या सीडीवर होता. गावात सीडी वाजवायला कुणाकडे काही नव्हतं, पण पुसेगावकडच्या तिच्या होणाऱ्या सासरी व्हीसीडी प्लेअर होता. मग घरात ठरलं, सीडी तिने सासरी न्यायची आणि मी एक कॉपी क्लासच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवायची.

मी सीडी घातली. बारा फाइली दिसल्या. सगळ्या निवडल्या, कॉपी केल्या, पेस्ट केल्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. पहिली फाइल लावून पाहिली तर आईचा आवाज खणखणीत वाजला. सरांना काही विचारावं असं मला वाटलंच नाही. घरी येऊन सांगितलं, "माय, समदी गाणी कॉम्प्युटरात बसली. आता सीडीला काही बी होऊ दे, फिकीर न्हाई."

सीडीवर आम्हा सगळ्यांच्या बोटांचे ठसे उठले होते. लेकीला द्यायची वस्तू अशी मळकी कशी द्यायची, असं आईला वाटलं. तिने चुलीतली राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि पितळेचं ताट घासतात तशी ती सीडी दोन्ही बाजूंनी घासून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवली.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दोन दिवसांनी क्लासमधल्या पोरांपुढे मिरवायला मी फाइल उघडली तर कॉम्प्युटर सीडी मागायला लागला. दुसरी उघडली, तेच. सर मागे येऊन उभे राहिले.

"अरे, हे गाणं नाही. सीडीवर गाणं कुठं आहे त्याचा हा नुसता पत्ता आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी सीडी आत होती म्हणून वाजलं. ऑडिओ सीडीवरची गाणी अशी उचलता येत नाहीत, सॉफ्टवेअरने एकेक काढावी लागतात. सीडी घेऊन ये, काढून देतो."

घरी गेलो आणि सीडी मागितली. आईने ती पेटीतून काढली. नव्या खणात गुंडाळलेली होती. "बघ कशी लख्ख केली," ती म्हणाली. मी उजेडात धरली तर सगळीकडे चरेच चरे. माझं डोकं फिरलं. "काय केलंस हे माय! समदं वाटोळं केलंस!" मी एवढ्या जोरात ओरडलो की ओसरीतली शेळी उठून उभी राहिली.

आई खाली बसली. "मला काय ठावं बाबा," एवढंच म्हणाली. त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं, की कॉपी मुळात झालीच नव्हती. नाही सांगितलं. दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. बहीण समोरून आली की आई दुसऱ्या वाटेने जायची. मी सगळं बघत होतो आणि गप्प होतो. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी आई, बहीण आणि मी असे तिघं सीडी घेऊन औंढ्याला निघालो. जीपमध्ये मला राहवलं नाही. दोघींना खरं ते सांगून टाकलं. आई म्हणाली, "मंग दोन दिस मला काहून जळू दिलंस?" बहिणीने आईचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि औंढा येईपर्यंत सोडला नाही.

क्लासमध्ये पाच गाणी निघाली आणि सहाव्याला ड्राइव्ह नुसता घरघरायला लागला. चुलतीने एकटीने म्हटलेलं गाणं नववं होतं. दोन वाजता लाइट जाणार होती. सरांनी सगळ्या बॅचला वहीत लिहायला बसवलं, अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर खोलला आणि त्याचा ड्राइव्ह काढून या मशीनला जोडला. "हा सावकाश वाचतो, पण लवकर सोडत नाही," म्हणाले. मऊ फडक्याने ते सीडी पुसायचे, पुन्हा लावायचे, पुन्हा पुसायचे. मी त्यांचा कुणी नव्हतो, हुशार विद्यार्थीही नव्हतो. त्या दुपारचे त्यांचे उपकार माझ्याच्याने फिटणार नाहीत. नववं गाणं पुरं यायला वीस मिनिटं लागली. शेवटी अकरा गाणी आली आणि एक कायमचं गेलं. ते आईने एकटीने म्हटलेलं होतं.

"माजं जाऊ द्या सर," आई म्हणाली. "मी हाय की अजून."

नवी सीडी उद्या भरून देतो म्हणत सरांनी नववं गाणं स्पीकरवर लावलं. गाणं लगेच सुरू झालं नाही. आधी बहिणीवर खेकसणारा चुलतीचा चढलेला आवाज आला, "ए पोरी, शेळी सुटली बघ, पिठात तोंड घालून राहिली! काहून बसून राहिलीस तिथं? ऊठ की!" मागे बायका हसल्या आणि मग हळदीचं गाणं लागलं.

सर भला माणूस. त्यांनी हळूच विचारलं, "सुरुवातीचं हे ओरडणं कापून टाकू का? गाणं स्वच्छ होईल."

बहीण म्हणाली, "लागलं तर गाणं कापा सर. तेवढं ऱ्हाऊ द्या."

सरांनी काहीच कापलं नाही. लाइट जायला दहा मिनिटं उरली होती. तेवढ्या वेळात त्यांनी ती शेळी सात वेळा सुटू दिली.