सुखदेवनं राखलेलं स्टेशन

सुखदेव गेल्याचं सांगायला त्याची धाकटी मुलगी शाळेत आली होती. मी सहावीच्या वह्या तपासत होतो. "मास्तर, बाबा गेले," एवढंच म्हणाली आणि दारातच बसली... त्याला आता महिना उलटला.

सुखदेव मोहगावचा गवंडी, माझा पंचवीस वर्षांपासूनचा मित्र. सौसरकडच्या छोट्या गाडीच्या, नॅरोगेज लाइनीवरचं आमचं जुनं स्टेशन इंग्रजांच्या काळातलं. काळ्या दगडाच्या जाड भिंती, तीन कमानी, उतरतं कौलारू छप्पर, कडेला लाकडाची नक्षीदार झालर. सुखदेवच्या आजीनं त्या बांधकामावर चुना वाहिला होता. इमारत उभी राहिली आणि जातीमुळं तिलाच मुसाफिरखान्यात, उतारूंच्या बसायच्या खोलीत, बसू देईनात. गाडी येईस्तोवर ती उन्हात उभी राहायची.

ऐंशी सालानंतर शेजारी सिमेंटचं नवं स्टेशन झालं. जुनं पाडायचं ठरलं आणि ते काम सुखदेवलाच सांगितलं. त्यानं नाही म्हटलं. त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला. "मास्तर, अर्ज लिहा. मी सायबाले भित दाखोतो."

स्टेशन पाडू नका म्हणून मी रेल्वेला अर्ज लिहिला. साहेब आले. सुखदेवनं हातोडीनं दगड ठोकून दाखवले. "आयका साहेब, पोकळ आवाज येऊन राहिला का? छप्पर तेवढं गेलं. थे मी करून देतो." साहेबांनी बराच वेळ भिंतीवर हात ठेवला आणि इमारत ठेवायचं कबूल केलं.

छपराचं काम चार हात उरलं असताना कुजका वासा मोडला आणि सुखदेव वरून पडला. मी खालीच उभा होतो... मुसाफिरखान्यातल्या सागवानी बाकावर त्याला निजवलं. बैलगाडी येईपर्यंत तो वर पाहत होता. "मास्तर, आजी इथं कधी बसली नाई जी. अन् मी पाहा, झोपूनच राहिलो," म्हणाला आणि हसला. पुढं दोन वर्षं तो खाटेवरून उठला नाही, त्यातच गेला. उरलेलं छप्पर त्याच्या भावानं शाकारलं.

"अर्ज मी लिहिला नसता तर..." तेराव्या दिवशी मी सुखदेवच्या बायकोला, सुमनवहिनींना म्हणालो.

"लिहला नसता तं थे तुमच्याशी बोललेच नसते," त्या म्हणाल्या.

मुसाफिरखान्यात आता बायांचा शिवणवर्ग भरतो. वहिनीही जातात. परवा झड लागली असताना मी तिथं गेलो. कौलांवर पाऊस कोसळत होता, आत एक थेंब नव्हता. "बसा ना, मास्तर," वहिनी म्हणाल्या. त्या सागवानी बाकावर मला बसवेना. कमानीखाली उभा राहून मी रडून घेतलं.