सूर्यभानचा नंबर-बोर्ड आणि रतनबाईची गोधडी

सूर्यभान वायरमनला कारखान्यात कुणी काहीही विचारलं, तरी तो टेस्टर कानावर अडकवून एकच उत्तर द्यायचा, "सगळं डोक्यात हाय." केबल कुठून गेली, मोटार का जळली, फ्यूज कुठला, सगळं डोक्यात. ते डोकं काही फार मोठं नव्हतं, त्यावरची टोपीही धाकट्या भावाची होती. पण गड्याचा स्वतःवर विश्वास दांडगा.

एकाहत्तर सालच्या हंगामाआधीची गोष्ट. साखर कारखाना देवळाली प्रवरेच्या अलीकडचा, म्हणजे ऊस घेऊन आलेल्या बैलगाड्यांची वजनकाट्यावर ही रांग. काट्यावरचा कारकून गहिनीनाथ गाड्यांचे नंबर ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा आणि नंबर ऐकूच आला नाही म्हणून गाडीवानांची जुंपायची. त्यावर सूर्यभाननं उपाय काढला, दिव्यांचा नंबर-बोर्ड. उंचावर दोन चौकटी, प्रत्येकीत पस्तीस बल्ब. खाली काट्याच्या खोलीत प्रत्येक चौकटीसाठी एक लाकडी रूळ, रुळावर पितळेचे तुकडे, त्यांना टेकणारी पितळेची बोटं आणि बोटागणिक एक वायर. रुळाची मूठ फिरवली की नेमके बल्ब लागून आकडा उभा राही. जे बल्ब नेहमी जोडीनं लागतात ते त्यानं एकाच वायरीवर घेतले होते. एवढी हुशारी या माणसात होती, हे कबूल केलंच पाहिजे.

स्टोअरमध्ये वायर मिळाली ती सगळी काळीच. मग ओळखू यावी म्हणून प्रत्येक वायरीला त्यानं वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. हा सगळा विचार त्यानं उन्हाळाभर घरात जमिनीवर त्याच चिंध्यांचे तुकडे मांडून केला होता. मधे बल्बांच्या जागी तुकडे, कडेला बोटांच्या क्रमानं त्याच कापडाचे तुकडे. बायको रतनबाई लांब ढांगा टाकत चुलीकडे जायची. "एक तुकडा हलवायचा न्हाई," असा हुकूम होता.

चीफ इंजिनिअर साहेब बोर्ड पाहून खूश झाले, पण त्यांनी वायरिंगचा नकाशा मागितला. सूर्यभान होता हंगामी. बोर्ड चालला आणि नकाशा फायलीला लागला तर तो कायम होणार होता, नाहीतर पुण्याचा माणूस येणार होता. सूर्यभान म्हणाला, "सगळं डोक्यात हाय, साहेब." साहेबांनी दसऱ्यानंतरची तारीख दिली.

मधे आली खंडेनवमी. सूर्यभान घरी पक्कड आणि टेस्टरची पूजा करत बसला. इकडे गहिनीनाथला वाटलं, एवढं नवं यंत्र, त्याला अशा मळक्या चिंध्या शोभतात का? त्यानं भक्तिभावानं सगळ्या वायरी सोडवल्या, चिंध्या उकिरड्यावर टाकल्या, पितळ चिंचेनं घासून लखलखीत केलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि वायरी परत बसवल्या, दिसायला बऱ्या दिसतील अशा.

चाचणीच्या दिवशी सूर्यभाननं साहेबांसमोर ऐटीत मूठ फिरवली. वर चौकटीत सांडलेल्या लाह्यांसारखे बल्ब लागले. पुन्हा फिरवली, दुसरीकडे सांडल्या. गहिनीनाथ अभिमानानं म्हणाला, "म्या सोता धुतलंय सगळं." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "सूर्यभान, डोक्यातलं संध्याकाळपर्यंत कागदावर आणा."

सूर्यभान घरी येऊन भिंतीला टेकून बसला. डोक्यात शोध शोध शोधलं, तर तिथं चिंध्यांशिवाय काही नव्हतं, आणि चिंध्या उकिरड्यावर. तो खरंच रडायच्या बेताला आला. रतनबाईनं काय झालं ते ऐकून घेतलं, उठली, अंथरुणाच्या वळकटीतून नवी गोधडी ओढली आणि त्याच्यासमोर पसरली. मधे बल्बांचे तुकडे, काठाला बोटांचे. एकही इकडचा तिकडे नाही.

"तुमीच म्हनला हुता, हलवू नको. मंग हाय तसंच शिवलं."

सूर्यभान गोधडी खांद्यावर टाकून पळतच काट्यावर आला. गहिनीनाथला बोर्डाखाली उभं केलं. एकेका वायरीला करंट दिला, कुठला बल्ब लागला ते गहिनीनाथनं बसक्या आवाजात सांगितलं, मग गोधडीत त्या जागेचं कापड पाहून काठावर तेच कापड शोधलं आणि वायर त्या बोटाला बसवली. दिवस मावळायच्या आत वर ठसठशीत सत्तावीस उभा राहिला.

साहेबांनी गोधडी दोन्ही बाजूंनी पाहिली. "नकाशा छान आहे. काढला कोणी?"

सूर्यभानच्या जिभेवर नेहमीचं उत्तर आलं होतं. पण त्यानं टोपी सारखी केली आणि लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच चारचौघांत बायकोचं नाव घेतलं, "रतनबाईनं." कान लाल झाले होते, पण बोलला स्पष्ट.

साहेबांनी ते नाव तसंच कागदावर लिहिलं आणि सूर्यभानला कायम करायची शिफारस केली. मूळ नकाशा म्हणून गोधडी मात्र ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतली, शिक्का मारून.

त्या साली थंडी कडाक्याची पडली. कायम झालेला सूर्यभान जुन्या धोतराखाली कुडकुडत म्हणाला, "अगं, पांघरायला काय हाय का दुसरं?"

रतनबाईनं कूस बदलली. "तुमच्या डोक्यात हाय न्हवं सगळं? तेच घ्या पांघरून." आणि आपल्या लुगड्याचा अर्धा पदर तिनं त्याच्या अंगावर टाकला.