धुरात राखलेली एकशे बारा पानं

उंबरमाळीच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. तिथे प्रत्येक घरात चुलीच्या वर बांबूचा माळा टांगलेला असतो. त्यावर बियाण्याची कणसं, काकडीचं बी, पावसाळ्यासाठी सुकट ठेवतात. धूर लागला की कीड शिवत नाही. कमळूच्या घरात त्या माळ्यावर गेली अडतीस वर्षं चित्रं आहेत. त्यामुळे त्याच्या बायकोला, चंद्रकलेला, बियाणं जावेकडे ठेवावं लागतं. ही गोष्ट ती दरवर्षी पेरणीच्या आधी चार घरांना ऐकू जाईल अशी सांगते.

कमळू तरुणपणी मुंबईत मुलांच्या एका मासिकाच्या छापखान्यात होता. चित्रकार पुठ्ठ्यावर काळ्या शाईने चित्रकथा काढून देई, छापील पानाच्या दुप्पट मोठी. तो पुठ्ठा मोठ्या कॅमेऱ्यासमोर बसवायचा आणि दिवे लावायचे, हे कमळूचं काम. फोटो निघाला की मूळ पान कोपऱ्यात पडे. मासिक बंद झालं तेव्हा तो ढीग रद्दीत निघाला. पुठ्ठा जाड होता. कुडाच्या भिंतीला पावसाच्या बाजूने ठोकायला बरा, म्हणून कमळूने एकशे तेवीस पानं घरी आणली. खिळा हातात घेतला आणि पान उलटं करून पाहिलं. हिमालयात वाट चुकलेल्या पाच गिर्यारोहकांची गोष्ट होती. खिळा नेमका एकाच्या डोक्यात जात होता. कमळूने जागा बदलली, तर दुसऱ्याच्या पोटात. मग त्याने खिळे परत डब्यात ठेवले.

पहिल्या वर्षी पानं पत्र्याच्या पेटीत होती. अकरा पानं कसरीने खाल्ली. तेव्हापासून उरलेली माळ्यावर. दर दिवाळीला तो ती उतरवतो, कोरड्या फडक्याने पुसतो, मध्ये निरगुडीचा पाला घालतो, मोजतो आणि परत ठेवतो.

गेल्या वर्षी मुंबईच्या एका संग्रहालयातून योगिनी नावाची बाई पाड्यात आली. त्या चित्रकाराची मूळ पानं ती सगळीकडे शोधत होती. त्याच्या घरची बुरशीने गेली होती, बाकीची रद्दीत. तिने पांढरे हातमोजे घातले आणि पहिलं पान हातात घेतलं.

"काका, हा बर्फ आहे?"

"होता," कमळू म्हणाला.

हिमालय चहाच्या रंगाचा झाला होता. पानाला सुकटीचा वासही होता.

"धुराने कागद खराब होतो, काका."

"हो का?" कमळूला खरंच वाईट वाटलं. "पण कसर नाय लागली."

"तेही खरंच. आमच्याकडे द्या ना. चोवीस तास एसी असतो."

"लाइट गेली तं?"

"जनरेटर आहे."

"तो बंद पडला तं?"

योगिनीने विचारून सांगते म्हटलं. एकेका पानाचा फोटो काढून ती गेली.

आणि त्याच महिन्यात मुलाने, मनोजने, चुलीची पडवी पाडून तिथे स्लॅबचं स्वयंपाकघर बांधायचं ठरवलं. मनोज वाशिंदला कारखान्यात आहे. गॅस घरात येऊन वर्ष झालं होतं; चूल अंघोळीच्या पाण्यापुरतीच पेटे.

"बाबा, चित्रं कपाटात ठेवा ना."

कपाट म्हणजे पेटीच, फक्त उभी. चूल गेली की एका पावसाळ्यात सगळं संपणार, हे कमळूला दिसत होतं. पण मुलाच्या घराच्या आड यायचं कसं? चार दिवस तो जेवला कमी आणि माळ्याकडे बघत बसला जास्त.

रविवारी मनोज गवंड्याला घेऊन आला. चंद्रकला चुलीपुढे परात घेऊन बसली होती.

"आये, ऊठ गो. पडवी पाडायची हाय."

"गॅसवरच्या भाकरीला पापुद्रा येत नाय."

"वरीसभर गॅसवरचीच खातोय आमी!"

"मंग? मी तेच सांगते."

"आन् तू तं म्हनायचीस, माळा एकदाचा मोकळा करा!"

"बियान्यासाठी म्हनत व्हते. चूलच नसली तं मोकळा माळा घेऊन काय डोक्यावर ठेवू?"

गवंडी चहा पिऊन गेला. स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूला झालं.

भाकऱ्या आता तिथेच, गॅसवरच होतात. पापुद्र्याचं कोणी काही बोलत नाही. संध्याकाळी चंद्रकला पडवीत जाते, चूल पेटवते आणि वर पाण्याचं पातेलं ठेवते. अंघोळीला आता घरात गीझर आहे.

"पानी कशाला तापवतेस?" कमळूने एकदा विचारलं.

"रिकामी चूल पेटवू नये," ती म्हणाली. "घराला बरं नसतं."

योगिनीचा फोन आला. दुसरा जनरेटरही आहे म्हणाली. कमळूने तिला दिवाळीत या म्हणून सांगितलं, पानं पुसायला.

पातेल्यातलं पाणी निवलं की तो ते कारल्याच्या वेलाला घालतो.