विंगेतलं बोट

डाव्या हाताचं बोट उभं केलं म्हणजे थांबायचं, खाली आलं म्हणजे बोलायचं. लष्कर नावाच्या आमच्या पेठेतल्या हौशी नाटक मंडळीत हा कायदा होता, आणि विंगेतल्या स्टुलावर बसून तो चालवणारे आमचे प्रॉम्प्टर काका. रंगमंचावर जाताना कुणी कचरलं की म्हणायचे, "फिकर नका करू. मी आहे ना मागे."

टोपी बाजारात त्यांचं पगड्या बांधायचं दुकान होतं. हात पगडीवर आणि डोकं नाटकात. "कधी मिळेल?" असं एका कारभाऱ्यानं विचारलं, तर तंद्रीत म्हणाले, "प्राणनाथ, आपण परत याल तेव्हा." कारभारी पुढचे आठ दिवस फिरकलाच नाही.

तुम्ही नाटकं समोरून पाहणारी माणसं, तुम्हाला त्यांचा एक हट्ट ठाऊक नसेल. नाटकाचं शेवटचं वाक्य ते तालमीत म्हणू द्यायचे नाहीत. तिथवर आलं की वही मिटायची. "तालमीत संपवलं की संपलं ते. मग लोकांपुढं काय, मढं उभं करणार?" आम्ही हसायचो, पण पाळायचो.

एका गणेशोत्सवात त्यांच्या तरुणपणी गाजलेलं एक नाटक पुन्हा उभं करायचं ठरलं. लिहिणारे वारलेले, त्यात कामं केलेले बहुतेक प्लेगात गेलेले, आणि एकुलती एक वही वाळवीनं खाल्लेली. नाटक उरलं होतं ते काकांच्या डोक्यात. मी शाळेत मास्तर होतो; रोज शाळा सुटली की त्यांच्या दुकानात बसायचो. ते सांगायचे, मी लिहून घ्यायचो. शेवटी म्हातारा सरदार लढाईत पडलेल्या मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसतो. सरदाराचं काम माझ्याकडे होतं. तिथं येऊन काका थांबले.

"काका, या खेपेला तरी सांगून ठेवा. वही नाही आपल्याकडे."

"खेळाच्या दिवशी देईन. मास्तर, मी आहे ना मागे."

मी दौत बंद केली. हट्ट धरायला हवा होता.

खेळाला आठ दिवस उरले असताना काकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा बसली. आम्ही धावत गेलो, ते जेवढे त्यांच्यासाठी तेवढेच त्या वाक्यासाठी. आजाऱ्यापुढं पाटी-पेन्सिल धरली. डाव्या हातानं नुसत्या रेघा उमटल्या. पाटी पुढं केल्याची मला आजही लाज वाटते.

खेळाच्या दिवशी त्यांनी खुणांनी हट्ट धरला, म्हणून टांग्यात घालून आणलं आणि विंगेत उशा लावून बसवलं. शेवटचा प्रवेश आला. मुलाचं डोकं मांडीवर घेऊन मी विंगेकडे पाहिलं. काकांचं बोट उभं होतं. वाकडं झालेलं तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. मग आणखी कुणीतरी. बोट उभंच. मला धीर निघेना. "असा पुत्र घरोघरी जन्माला येवो," असं काहीतरी मी ठोकून दिलं आणि पडदा पडला. टाळ्या थांबेनात.

विंगेत आलो तरी बोट उभंच होतं. मीच ते हातात धरून खाली घेतलं. काकांनी तोंड फिरवलं.

दसऱ्याआधीच ते गेले. दिवस झाल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा काकू म्हणाल्या, "मास्तर, खेळाआधीचे ते आठ दिवस भिंतीकडं तोंड करून एकच काहीतरी घोकत होते. मला वाटलं, रामाचं नाव घेताहेत. खेळाच्या दिवशी सकाळी तर साफ निघालं. टाइम लागायचा, पण निघायचं."

"काय होतं, काकू?"

"इतकं ध्यान कुणी दिलं? 'बाळा' असं काही होतं सुरुवातीला."

पुढच्या वर्षी शेजारच्या मुरार गावातल्या मंडळींनी तेच नाटक आमच्याकडून मागितलं. माझं टाळ्यांचं वाक्य वहीत लिहून ठेवा, असं सगळे म्हणाले. मी लिहिलं नाही. शेवटच्या प्रवेशात मी "बाळा" एवढंच म्हणालो आणि विंगेतल्या रिकाम्या स्टुलाकडे पाहत थांबलो. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. मी थांबूनच राहिलो. शेवटी पडदेवाल्यानं कंटाळून पडदा सोडला. टाळ्या पडल्या नाहीत.