मोटारीच्या नाकावरचा गोंडा

आमच्या पलूसच्या शेजाऱ्याचं प्रत्येक बोलणं ‘न्हाई’नं सुरू व्हायचं. चहा विचारला तरी म्हणायचा, ‘न्हाई, घ्यायचा की.’ मला त्याचा रागच यायचा.

शहात्तरच्या सुमारास मी सांगलीच्या एका दलालाची जुनी मोटार घ्यायला निघालो. रंग झकास होता, पण चढाला तापते अशी कुजबुज होती. फसलो असतो तर गावानं जन्मभर हसं केलं असतं.

शेजारी म्हणाला, ‘न्हाई गड्या, उबा बैल कुनी बी इकतंय. वढ बघाय पायजे.’

म्हसवडच्या बाजारात तो चाकं बांधलेली गाडी ओढायला लावूनच बैल पारखायचा. त्यानं मोटारीत गुळाच्या ढेपा ठासून भरल्या, त्यांच्यावर स्वतः बसला आणि दलालाला म्हणाला, ‘हाण घाटावर!’

सागरेश्वराच्या चढाला दलाल घामानं निथळला, पण मोटार काही तापली नाही. माथ्यावर शेजारी उतरला आणि त्यानं बैलाच्या वशिंडावर थाप मारावी तशी बॉनेटवर थाप मारली.

परतल्यावर तो गोठ्यात गेला. लाडक्या बैलाच्या शिंगाचा लाल गोंडा सोडून त्यानं मोटारीच्या नाकाला बांधला.

‘म्हणजे घेऊ?’ मी विचारलं.

‘न्हाई,’ तो म्हणाला, ‘आपलीच हाय ती.’